धुतलेले कपडे पेटीत

मुलगी बाळंतपणासाठी आमगावला माझ्याकडे येणार हे ठरलं, त्याच दिवशी मी शंभरपानी वही आणली. पहिल्या पानावर दवाखान्याच्या पिशवीत काय न्यायचं, दुसऱ्यावर घरी आल्यावर काय लागेल, तिसऱ्यावर कोणाला कोणत्या क्रमाने कळवायचं. दरेकसा भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचं भांडार मी सांभाळते. गाद्या, चादरी, ब्लँकेटं, तांदूळ, डाळ, साबण. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. वीस वर्षांत माझ्या ताब्यातल्या एकाही ब्लँकेटाला कसर लागलेली नाही. ही गोष्ट मी लोकांना न विचारताही सांगते.

आमच्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवे कपडे घालत नाहीत. घरातल्या आधीच्या मुलांचे, धुऊन धुऊन मऊ झालेले घालतात. नव्या कापडाची खळ बोचते म्हणतात, आणि ज्याचे कपडे त्याच्यासारखं लेकरू धडधाकट होतं असंही म्हणतात. माझी मुलगी धडधाकट होती. तिची झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि माझ्या आईने विणलेला लोकरीचा स्वेटर हे सगळं मी सत्तावीस वर्षं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. दर दिवाळीला पेटी उघडायची, सगळं उन्हात टाकायचं, नव्या डांबरगोळ्या घालायच्या आणि पेटी बंद करायची. इकडे डांबरगोळीला फिनाईलची गोळी म्हणतात. पांढरी, बोराएवढी.

बाळ भर पावसाळ्यात झालं, गोंदियाच्या एका दवाखान्यात. मुलगा, पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी घरी आणला. मी रजा टाकलेलीच होती, आणि घराची घडी आधीच बसवून ठेवली होती. मळलेले कपडे मोरीतल्या निळ्या बादलीत. गरम पाण्यात धुऊन मधल्या खोलीत दोरीवर, खाली पंखा. वाळले की लगेच परत पेटीत, कारण बाहेर राहिले तर दमट होतात आणि त्यांच्यावरून झुरळं फिरतात. पेटी पाळण्याला लागूनच ठेवली. हात घातला की कोरडा कपडा मिळायला हवा.

मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या घरात जन्माला यायचं म्हणजे नोकरीवर रुजू व्हायचं."

चौथ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसले. मी त्याला खिडकीशी नेऊन पाहिलं, तर नाकही पिवळं होतं. गोंदियाचे मुलांचे डॉक्टर निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलतात. म्हणाले, "काकू, नए बच्चों में होता है. दोन दिवस लाइटखाली ठेवतो, घाबरू नका." बाळ दोन दिवस निळ्या दिव्याखाली दवाखान्यातल्या नुसत्या लंगोटावर झोपलं. तिसऱ्या दिवशी छान दूध प्यायला लागलं. आम्ही घरी आलो.

मी घाबरले नव्हते. पण घरी बिघडलेलं मूल दवाखान्यात सुधारलं होतं, तेव्हा दोष घरातच असणार, एवढा हिशेब मला येतो. मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं, "घरात बाळाजवळ येणारं सगळं."

पहिला नंबर मालिशवाल्या मावशींचा. जवळच्या खेड्यातून येतात, साठीच्या आहेत, हात लाकडासारखे. त्यांचं तेल बिनलेबलाच्या बाटलीत असायचं.

"मावशी, हे तेल कुठून आणता?"

"घानीवरून."

"कोणत्या तेलघाण्यावरून?"

"काऊन? तुमाले घानी लावाची हाय का?"

"बाटली आज माझ्याकडे राहू द्या."

"ठेवा. संगं मले बी ठेवा, कपाटात." आणि पाय पसरून त्यांनी बाळाला पायावर घेतलं.

दुसरा नंबर विहीणबाईंचा. तिरोड्याकडून त्यांनी घरी केलेली घुटी पाठवली होती, तीही बिनलेबलाच्या बाटलीत. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवली. मुलगी म्हणाली, थेंबसुद्धा पाजला नाही. मी बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली. आईचा मुलीवर विश्वास असतोच, पण सासूचा फोन रोज दोनदा यायचा आणि प्रत्येक वेळी मुलगी बाहेर जाऊन बोलायची. मग मीच विहीणबाईंना फोन लावला आणि घुटीत काय काय आहे ते विचारलं. त्यांनी शांतपणे आठ जिन्नस सांगितले आणि म्हणाल्या, "आमच्या घरची सात पोरं त्याच घुटीवर वाढली. तेही लिहून घ्या तुमच्या वहीत."

मी लिहून घेतलं.

तिसरा नंबर बोअरचं पाणी. चौथा शेजारचं धान, ज्यावर त्याच आठवड्यात फवारणी झाली होती आणि वारा आमच्या बाजूचा होता. पाचवा पाळण्याचा रंग. सहावी फरशी पुसायची बाटली. माझे यजमान मच्छर अगरबत्ती लावतात. त्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून विचारलं, "मी कितवा?"

"सातवा."

"पंचनामा चालू आहे म्हण की. जबाब कधी घेणार?" त्या दिवसापासून अगरबत्ती बंद झाली. फवारणीच्या बाजूच्या खिडक्या मी बंद केल्या. फरशी साध्या पाण्याने पुसू लागले. पाणी उकळून दोनदा गाळू लागले. जे जे बाहेरून येत होतं, त्या सगळ्यावर माझं लक्ष होतं. खिडक्या बंद, पाऊस बाहेर, पाळणा मधल्या खोलीत आणि पेटी पाळण्याजवळ.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मावशी मालिश करता करता थांबल्या. बाळाच्या मानेशी नाक नेलं.

"म्याडम, लेकराच्या अंगाले पेटीचा वास येऊन राहिला."

"तुमच्या तेलाचा असेल."

"तेलाचा वास मले नाई समजत? तीस वर्सं झाले, पोरं रगडून राहिली मी. हा पेटीचा हाय. कपडे जरा बाहीर टांगत जा."

"मावशी, स्वच्छतेचं मला नका शिकवू."

"स्वच्छतेचं कोन बोललं? वासाचं बोलून राहिली."

मला ते लागलं. ज्या बाईचं तेल माझ्या यादीत पहिलं, तिने माझ्या कपड्यांना नाव ठेवावं. मला वाटलं, स्वतःवरचा संशय ती दुसरीकडे ढकलते आहे. भांडारात असं पुष्कळ पाहिलं आहे. तांदूळ कमी भरला की तो आणणाराच आधी वजनकाट्यावर ओरडतो. मी मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, बाळ पुरतं सावरलं की निरोप पाठवीन. त्यांनी बाटली मागितली. मी दिली नाही, तपासायला लागेल म्हणाले. त्या पदराने हात पुसत उठल्या. मुलीकडे पाहून म्हणाल्या, "पोरी, जपजो." माझ्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ दूध पिताना मध्येच झोपू लागलं. ओठ पांढरे पडले होते. मुलीने लंगोट बदलला आणि मला हाक मारली. लंगोटावरचा डाग काळ्या चहासारखा होता.

आम्ही तसेच गोंदियाला निघालो. डॉक्टरांनी बाळाच्या पापणीची आतली बाजू पाहिली आणि या वेळी घाबरू नका म्हणाले नाहीत. रक्त तपासायला पाठवलं, रक्त चढवायची तयारी केली, दिवे लावले. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "ही नुसती कावीळ नाही. याचं रक्त आतल्या आत तुटतंय. मी याला आज सांभाळतो. पण ज्याने तुटतंय ते तुमच्या घरात आहे. ते सापडलं नाही तर बाळाला घरी नेऊन परत इथेच आणाल, आणि हर बार मैं टाइम पे मिलूंगा, ऐसा नहीं. कावीळ मेंदूत चढली तर ऐकणं, समजणं, चालणं, काहीही जाऊ शकतं."

मुलगी म्हणाली, "घरी नेणारच नाही मी. सासरी नेते."

"तिथेही तेच असलं तर?" डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "आम्ही काय शोधायचं?"

त्यांनी आधी घरातल्यांबद्दल विचारलं. मलेरियाच्या गोळ्यांनी कुणाला त्रास झाला होता का? झाला होता, माझ्या भावाला. आमच्या जंगलपट्ट्यात हिवताप नवा नाही. त्या गोळ्या घेतल्यावर भावाची लघवी दोन दिवस काळपट झाली होती, आणि गोळ्या बंद केल्यावर बरी झाली. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, काही घराण्यांच्या रक्तात एक संरक्षक द्रव्य कमी असतं. एरवी कळतही नाही. पण काही औषधं, काही रसायनं अशा रक्ताला सोसत नाहीत. ते आईकडून मुलाला येतं. म्हणजे माझ्याकडून मुलीला आणि तिच्याकडून बाळाला आलं असणार. तपासणीचा अहवाल यायचा होता, पण त्यांना वाटत होतं ते हेच. "अब ये बताओ, बाळाच्या अंगाला, नाकाला, तोंडाला काय काय लागतं? सगळं लिहा."

लिहायचं मला सांगावं लागत नाही. वही माझ्या पिशवीतच होती. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून मी यादी पुरी केली. सव्वीस गोष्टी भरल्या. मावशींचं तेल, विहीणबाईंची घुटी, पाणी, फवारणी, रंग, साबण, काजळ, मुलीचं टॉनिक, माझ्या हाताचं मलम. डॉक्टरांनी एक एक वाचलं. टॉनिकचं नाव मोबाइलवर पाहिलं. घुटी पाजलीच नाही म्हटल्यावर पुढे गेले. काजळावर थांबले, "बंद करा" म्हणाले, आणि पुढे गेले. शेवटी विचारलं, "कपडे?"

"घरचे आहेत, गरम पाण्यात धुतलेले," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. वॉर्डातून कोणीतरी बोलावलं म्हणून ते गेले. सव्वीसातल्या एकाभोवतीही त्यांनी गोल काढला नव्हता. मी मुलीला म्हणाले, "सासूबाईंशी फोनवर खरं काय बोलत होतीस? चाटवलीस का घुटी? थोडी तरी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, माझं बाळ आत आहे आणि तू मला विचारतेस?"

"मी सगळ्यांनाच विचारते आहे."

"सगळ्यांना नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने नर्सने बाळाचे कपडे मागितले. घरून घाईत भरलेली पिशवी मी दिली. पेटीतूनच उचललेले सहा लंगोट, चार झबली आणि स्वेटर, नीट घड्या घालून, गच्च बंद. नर्सने चेन उघडली आणि मान मागे घेतली.

"आजी, ये कपडे किधर रखते हो?"

"पेटीत."

"फिनाईल गोली डालके?"

"हो. कसर लागू नये म्हणून."

तिने पिशवी तशीच उचलली आणि वॉर्डाबाहेर नेऊन ठेवली. मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले, वाकून एक झबलं नाकाशी नेलं, आणि विचारलं, "किती गोळ्या?"

"बारा," मी म्हणाले. बाळ येणार म्हणून नेहमीपेक्षा सहा जास्त टाकल्या होत्या. हे मला बोलून दाखवावं लागलं, कारण मुलगी समोर उभी होती.

मी वाद घातला. घालायला नको होता, पण घातला. म्हणाले, "डॉक्टर, आम्ही जन्मभर याच वासातले कपडे घालतो. माझा भाऊ, ज्याचं रक्त तुम्ही असं म्हणता, तोसुद्धा दर हिवाळ्यात माझ्या कपाटातलं ब्लँकेट पांघरतो. त्याला काही झालं नाही."

ते चिडले नाहीत. बाकावर माझ्याशेजारी बसून त्यांनी समजावलं. तुमचा भाऊ सत्तर किलोचा, हा पावणेतीन किलोचा. गोळी हवेत उडते, कपड्यात मुरते. मोठ्या माणसाची कातडी जाड, याची कागदासारखी, आणि आकाराच्या मानाने कातडी जास्त. मोठा माणूस एक श्वास घेतो तेवढ्यात हा दोन-तीन घेतो. भाऊ ब्लँकेट बाजूला करून कामाला जातो, हा चोवीस तास त्यातच गुंडाळलेला, पेटीच्या बाजूला, बंद खोलीत. आणि अंगात गेलेलं विष मोडून बाहेर टाकायचं काम यकृताचं, ते याचं अजून शिकतंय. "काकू, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. तुमच्या भावाला जे कळतसुद्धा नाही, त्याने हा मरू शकतो."

मी विचारलं, "आणि तेल?"

"तेल खराब नव्हतं. पण तेल लावलेल्या अंगात गोळीचं विष जास्त मुरतं. तेल अकेला कुछ नहीं करता."

म्हणजे मावशी माझ्या यादीत होत्या आणि त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचे हात माझ्या कपड्यांच्या आधी बाळाला लागले. त्यांनी पेटीचं नाव घेऊन सांगितलं होतं. मी बाटली जप्त करून त्यांना घालवलं होतं. खिडक्या बंद केल्या होत्या मीच. कपडे धुऊन रोज परत त्याच पेटीत घातले होते मीच, आणि स्वच्छ म्हणून घातले होते. दवाखान्याच्या दोन दिवसांत बाळ तिथल्या नुसत्या लंगोटावर सुधारलं, हेही मी वहीत लिहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता.

बाकावरूनच मी वसतिगृहात फोन केला. मदतनीस बाईंना सांगितलं, ब्लँकेटांच्या पेट्या उघडा, गोळ्या काढा, जमेल तेव्हा ऊन द्या, आणि वारं लागल्याशिवाय एकही ब्लँकेट मुलींना देऊ नका. त्या म्हणाल्या, "मॅडम, कसर लागली तं तुम्हीच ओरडाल." मी म्हणाले, लागू द्या.

यजमानांना फोन करून पेटी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये न्यायला सांगितली. गोळ्यांचं काय करू म्हणाले. मी म्हणाले, डब्यात बंद करून वर ठेवा, कुणाचा हात पोचणार नाही असं. एरवी मी गोळ्या किती आहेत ते विचारलं असतं.

बाळ दवाखान्यात सहा दिवस राहिलं. रक्त चढवलं, दिवे लागले. अहवालात डॉक्टरांना वाटलं होतं तेच निघालं. त्यांनी मुलीला एक कागद दिला, त्यात कोणकोणती औषधं आणि वस्तू बाळाला जन्मभर टाळायच्या ते होतं. कागद त्यांनी माझ्याकडे दिला नाही, आणि मीही हात पुढे केला नाही.

मधल्या एका दिवशी मी मावशींच्या घरी गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी बाटली समोर ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला केलं नाही.

"सांगतलं होतं तुमाले."

"हो."

"मंग कायले आल्या?"

"तुम्ही परत याव्या म्हणून."

त्यांनी दोन खडे वेचून फेकले. "लेकरू कसं हाय?"

"सुधारतंय."

"येईन. पर तुमी माह्या तेलाले नाक लावाचं नाई."

घरी मी मधली खोली दोनदा धुतली, खिडक्या उघड्या ठेवल्या, पाळण्याचं कापड टाकून दिलं, बाजारातून साधे सुती कपडे आणून तीन पाण्यातून काढले. सासरी जायचं की इथेच राहायचं, हे मुलीने ठरवायचं होतं. मी विचारलं नाही. तिने फोनवर एवढंच सांगितलं की डॉक्टर जवळ हवेत म्हणून ती सोमवारच्या तपासणीपर्यंत इथेच येणार. त्यानंतरचं नंतर बघू.

ती आली तेव्हा मावशी आधीच येऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी दारातच हात पुढे केले. मुलीने बाळ छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे सरली.

"साडी कुठली आहे?"

"कपाटातली."

"कपाटात काय आहे?"

पेटी बाळाची होती म्हणून मी पेटी काढली होती. कपाट माझं होतं. एक आठवडाभर मी घर धूत होते आणि माझं स्वतःचं कपाट माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"आई, किती?"

"प्रत्येक कप्प्यात दोन."

"म्हणजे तुझ्या सगळ्या साड्या."

"सगळ्या."

तिने बाळ मावशींकडे दिलं. आत जाऊन स्वतःच्या बॅगेतून तिचा निळा सुती गाऊन आणला, फुलांचा. मी आयुष्यात गाऊन घातलेला नाही. घरात, सकाळी, कोणी नसतानाही नाही. मी मोरीत जाऊन अंग धुतलं, केस धुतले, आणि तो घालून बाहेर आले. बाह्या आखूड होत्या. यजमानांनी पेपर वर धरला.

मावशींनी मला वरून खाली पाहिलं. "म्याडम, भलत्याच तरण्या दिसून राहिल्या. आता नवऱ्याले बी दवाखान्यात न्या."

मुलगी हसली नाही. तिने कपाटातल्या गोळ्या एका डब्यात भरून झाकण घट्ट लावलं, तो यजमानांच्या हातात दिला आणि शेडमध्ये ठेवायला सांगितलं. मग माझ्या सगळ्या साड्या बाहेरच्या पडवीत दोरीवर टाकायला लावल्या. मीच टाकल्या. बत्तीस निघाल्या. पाऊस होता, त्यामुळे त्या वाळणार नव्हत्या, पण वारं लागत होतं. ती प्रत्येक खोलीत फिरली, प्रत्येक डबा, प्रत्येक खण उघडून विचारत राहिली, हे काय, हे कशासाठी, हे कधी आणलं. मी मागे मागे उभी राहून उत्तरं देत होते. काहींची माझ्याकडे नव्हती.

शेवटी ती माझ्यासमोर आली. माझ्या खांद्याला नाक लावलं, आधी उजव्या, मग डाव्या, मग ओल्या केसांना. मी हलले नाही.

"बस," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून बसले. तिने बाळ मावशींकडून घेतलं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः तिथेच शेजारी बसून राहिली, हात त्याच्या पोटावर ठेवून.